सिझेरियन, मळमळ आणि उलटी

सिझेरियनच्या वेळी आणि त्यानंतरच्या दिवसभरात मळमळणे किंवा उलटी होणे इतके सर्रास आहे की, ऑपरेशन थिएटरमध्ये बाईच्या उशाशी किडनी ट्रे आधीच आणून ठेवलेला असतो. कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये काहीच खबरदारी घेतली नाही, तर मळमळण्याचे प्रमाण काही अभ्यासांत ८० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात साडेएकवीस टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे पंचवीस टक्के होते आणि देशभरातल्या खासगी रुग्णालयांत जवळपास निम्मे. म्हणजे दरवर्षी लाखो बायकांच्या वाट्याला येऊ शकणारा हा त्रास आहे. तरीही घरचे, आणि कधीकधी दवाखान्यातलेही, ‘ऑपरेशन म्हटलं की एवढं व्हायचंच’ म्हणून तो सोडून देतात. खरे तर यातला बराचसा त्रास टाळता येतो.

बायका मात्र तो सोडून देत नाहीत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या भूलतज्ज्ञांनी सिझेरियनसाठी आलेल्या गर्भवतींना विचारले की, कोणता त्रास टाळण्याला तुम्ही सर्वाधिक महत्त्व द्याल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ऑपरेशनच्या वेळची आणि नंतरची वेदना सर्वांत वर होती, आणि तिच्या लगेच खाली उलटी व मळमळ. अंगाला सुटणारी खाज आणि थंडी वाजून थरथरणे त्यांच्याही मागे होते. यात नवल नाही. पोटावर ताजे टाके असताना एक उबळ आली तरी बाईला दोन्ही हातांनी पोट धरून बसावे लागते. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यायचे, ते राहून जाते. पाणी पोटात ठरत नाही, म्हणून सलाइन लांबते आणि सलाइनच्या नळीमुळे उठणेबसणेही लांबते. टेबलावरच उमासे येऊ लागले तर आतडी जखमेतून वर ढकलली जातात आणि सर्जनला टाके घालणे अवघड होते.

उलटीचे नियंत्रण मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदू जिथे मज्जारज्जूला जोडला जातो त्या भागात असते. तिथला एक चिमुकला भाग असा आहे की, रक्तातल्या बऱ्याच पदार्थांना मेंदूपासून दूर ठेवणारा पडदा त्याच्याभोवती विरळ असतो. रक्तात काही विषारी किंवा अनोळखी आले, तर ते या भागाला ताबडतोब कळते आणि उलटीचा आदेश सुटतो. शिवाय आतड्यांकडून येणाऱ्या नसा, कानातला तोल सांभाळणारा अवयव आणि मनातली भीतीही याच केंद्राला संदेश पाठवतात. हे संदेश सेरोटोनिन, डोपामिन, हिस्टामिन अशा वेगवेगळ्या रसायनांमार्फत जातात. उलटीविरोधी प्रत्येक औषध यातली एखादीच वाट अडवते. त्यामुळे एका इंजेक्शनाने सगळी मळमळ थांबेल ही अपेक्षा मुळातच चुकीची ठरते. सिझेरियनमध्ये तर दर टप्प्यावर वेगळी वाट उघडते.

पहिली खबरदारी थिएटरच्या बाहेर, उपाशी राहण्याच्या नियमाने सुरू होते. त्यामागे जुना इतिहास आहे. न्यूयॉर्कमधले प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासून दाखवले की, पूर्ण भूल दिलेली असताना ६६ जणींच्या जठरातला ऐवज घशातून फुप्फुसात गेला होता. गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, वाढलेले गर्भाशय जठराला वर रेटते आणि कळा सुरू झाल्यावर अन्न पुढे सरकणेही मंदावते. बेशुद्ध बाईला उलटी झाली तर ती गिळू शकत नाही की खोकू शकत नाही, आणि जठरातले आम्ल फुप्फुसे भाजून काढते. पूर्ण भुलीऐवजी कमरेतल्या इंजेक्शनाला जगभर पसंती मिळाली त्यामागे ही भीती मोठी होती. आजही सिझेरियनआधी आम्ल कमी करणारे इंजेक्शन देतात, आणि काही ठिकाणी सोडियम सायट्रेटचे तीस मिलिलिटर औषध पाजतात. या औषधांनी उलटी थांबत नाही. उलटी झालीच तर तिच्यामुळे होणारी हानी मात्र कमी होते.

उपासाचा नियम मात्र गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. ठरवून केलेल्या सिझेरियनआधी हलके जेवण सहा तास आणि पाणी, बिनदुधाचा चहा किंवा गाळलेला रस यांसारखी पातळ पेये दोन तास बंद ठेवली की पुरते, असे आजचे मार्गदर्शन आहे. प्रत्यक्षात सकाळी दहाच्या ऑपरेशनसाठी आदल्या रात्री नऊपासून पाण्याचा थेंबही न घेतलेली बाई आपल्याकडे सहज सापडते. अशी कोरडी पडलेली बाई टेबलावर आली की तिचा रक्तदाब सांभाळणे अवघड जाते, आणि मळमळीचे सर्वांत मोठे कारण तिथेच असते.

कमरेत, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात, साधारण दोन मिलिलिटर बुपिव्हॅकेन दिले की काही मिनिटांत छातीपासून खालचा भाग बधिर होतो. दुखणे कळवणाऱ्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही झोपतात. पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचते, हृदयाकडे कमी परतते आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. त्यातच बाई उताणी असेल तर भरलेले गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देते आणि उरलेसुरले रक्तही अडते. मेंदूच्या देठाला रक्त कमी पडते, आतड्यांनाही कमी पडते, आणि आतड्यांतून सेरोटोनिन सुटते. अशा दोन्ही बाजूंनी उलटीच्या केंद्राला टोचणी बसते.

हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. इंजेक्शन देऊन बाईला उताणे केल्यावर भूलतज्ज्ञ तिच्या उशाशी उभा राहतो आणि दंडावरचा पट्टा दर मिनिटाला फुगवायला लावतो. दोन-तीन मिनिटे जातात. बाई एकदम गप्प होते, जांभई देते, ओठ फिके पडतात, आणि ती म्हणते, ‘डॉक्टर, कसंतरी होतंय.’ मॉनिटरवर अजून मघाचाच आकडा दिसत असतो. अनुभवी भूलतज्ज्ञ पुढच्या आकड्याची वाट पाहत बसत नाही. तो रक्तदाब वाढवणारे औषध शिरेतून देतो, आणि मिनिटाभरात बाईच्या चेहऱ्यावर रंग परततो. उलटीचे कोणतेही औषध न देता मळमळ जाते. या टप्प्यावर ‘कसंतरी होतंय’ या तक्रारीचा अर्थ बहुतेक वेळा रक्तदाब पडतोय असाच असतो.

म्हणून आता रक्तदाब पडू देऊन मग सावरण्यापेक्षा तो पडूच न देण्यावर भर आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीच्या निवेदनात सांगितले आहे की, वरचा रक्तदाब बाईच्या नेहमीच्या आकड्याच्या ९० टक्क्यांखाली जाऊ न देण्याचे ध्येय ठेवावे आणि कमरेतल्या इंजेक्शनाबरोबरच फिनाइलेफ्रिन सुरू करावे. हे औषध रक्तवाहिन्या आवळते. ते पंपातून सतत थेंबाथेंबाने किंवा ५० ते १०० मायक्रोग्रॅमच्या छोट्या मात्रांत देतात. पूर्वी सर्रास वापरले जाणारे एफेड्रिन वारेतून बाळापर्यंत जास्त पोहोचते, आणि फिनाइलेफ्रिनच्या तुलनेत त्याने मळमळही जास्त आढळते. भारतात मेफेन्टरमिन अजून अनेक ठिकाणी वापरात आहे. सोबतीला इंजेक्शनाच्या वेळीच सलाइन जोरात सोडणे आणि बाळ बाहेर येईपर्यंत उजव्या कुल्ल्याखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर देऊन बाईला किंचित डावीकडे कलते ठेवणे, हे साधे उपाय असतातच. उलटी टाळण्याच्या सगळ्या खटाटोपात रक्तदाब पडू न देण्याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही, आणि त्याला लागतात ते फक्त एक स्वस्त औषध आणि उशाशी जागा असलेला माणूस.

बाळ बाहेर आल्यावर मळमळीची दुसरी लाट येऊ शकते. गर्भाशय शिवण्यासाठी काही सर्जन ते पोटाबाहेर काढून घेतात, काही जागेवरच शिवतात. बाहेर काढताना आतले पडदे ताणले जातात, आणि कमरेतल्या इंजेक्शनाने हा ताण पूर्णपणे झाकला जातोच असे नाही. बाईला दुखत नाही, पण पोटात कुणीतरी ढवळतंय असे वाटते आणि उमासे येतात. शेवटी पोट सलाइनने धुण्याच्या सवयीनेही मळमळ वाढते, आणि नेहमीच्या सिझेरियनमध्ये तिचा फायदा दिसलेला नाही. कमरेतल्या इंजेक्शनात अत्यल्प फेंटॅनिल मिसळले तर ही ओढ कमी जाणवते. बाकी भाग सर्जनच्या हाताच्या हळुवारपणावर असतो.

याच वेळी रक्तस्राव थांबवण्यासाठी गर्भाशय आकसवणारी औषधे दिली जातात. ऑक्सिटोसिन एकदम जोरात दिले तर रक्तदाब खाली येतो आणि मळमळ सुरू होते. तेच हळूहळू, कमी मात्रेत दिले तर काम होते आणि त्रास टळतो. मेथिलअर्गोमेट्रिन उलटी आणण्याबाबत कुप्रसिद्ध आहे, शिवाय रक्तदाब वाढलेल्या बाईला ते देत नाहीत. कार्बोप्रोस्टने उलटीबरोबर जुलाबही होतात, आणि दमेकरी बाईला ते वर्ज्य आहे. अर्थात रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तेव्हा उलटीचा विचार मागे पडतो, आणि पडायलाच हवा.

आता औषधांकडे. कुणाला त्रास होण्याची शक्यता अधिक, हे आधी थोडेफार सांगता येते. जर्मन भूलतज्ज्ञ ख्रिश्चन आप्फेल यांनी १९९९ साली पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांसाठी चार साधे मुद्दे मांडले : बाई असणे, सिगारेट न ओढणे, पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या असणे किंवा गाडी लागणे, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गातली वेदनाशामके मिळणार असणे. चारांपैकी एकही मुद्दा नसेल तर धोका दहा टक्क्यांच्या आसपास, दोन असतील तर चाळीस आणि चारही असतील तर ऐंशीच्या घरात. आपल्याकडे सिझेरियनला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीचे पहिले दोन मुद्दे आयतेच भरलेले असतात. म्हणून उरलेल्या प्रश्नांना महत्त्व येते. घाटात गाडी लागते का, गरोदरपणात उलट्यांनी दवाखान्यात राहावे लागले होते का, मागच्या ऑपरेशनच्या वेळी काय झाले, हे ऑपरेशनआधीच्या तपासणीत विचारले जायला हवे. विचारले नाही, तर बाईने किंवा सोबतच्या माणसाने आपणहून सांगावे.

सर्वांत परिचित औषध म्हणजे ऑन्डॅन्सेट्रॉन. ते मुळात कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांसाठी आले आणि सेरोटोनिनची वाट अडवते. चार मिलिग्रॅम शिरेतून देतात. कमरेतल्या इंजेक्शनाच्या थोडे आधी दिले तर रक्तदाब घसरण्यालाही काहीसा आळा बसतो, हा त्याचा वरचा फायदा. त्याने डोके दुखू शकते, बद्धकोष्ठ होते, आणि हृदयाच्या ठोक्यांचा एक विशिष्ट दोष असलेल्यांना ते जपून द्यावे लागते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चार ते आठ मिलिग्रॅम देतात. त्याचा परिणाम सावकाश सुरू होतो पण बराच काळ टिकतो, म्हणून ते वॉर्डातल्या उलटीसाठी उपयोगाचे. जाग्या बाईला ते भर्रकन दिले तर गुप्तांगाच्या जागी एकदम विचित्र चुणचुण होते आणि ती घाबरते, म्हणून हळू द्यायचे. मधुमेही बाईची साखर त्याने तात्पुरती वाढते. मेटोक्लोप्रामाइड दहा मिलिग्रॅम डोपामिनची वाट अडवते आणि ऑपरेशन चालू असताना होणाऱ्या मळमळीवर चांगले चालते. तेही घाईने दिले तर बाई अस्वस्थ होते, टेबलावरून उठून जावेसे वाटते. क्वचित, विशेषतः तरुण बायकांत, मान वा जबडा वाकडा होऊन आखडतो. दिसायला भयंकर असले तरी योग्य इंजेक्शनने ते काही मिनिटांत उतरते.

एक औषध की दोन, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. आप्फेल आणि सहकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑन्डॅन्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या तिन्हींनी स्वतंत्रपणे धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी केला, आणि एकात दुसरे मिळवले की उरलेल्या धोक्यातून पुन्हा तितकाच वाटा कमी झाला. ती चाचणी सिझेरियनपुरती नव्हती, पण तत्त्व इथेही लागू पडते. सिझेरियननंतर बाई लवकर सावरावी म्हणून २०१८-१९ मध्ये आलेल्या ‘ईरास’ मार्गदर्शनातही वेगवेगळ्या वाटा अडवणारे उपाय एकत्र वापरायला सांगितले आहे. यातून एक व्यावहारिक नियम निघतो : आधी ऑन्डॅन्सेट्रॉन देऊनही सहा तासांच्या आत उलटी झाली, तर तेच पुन्हा देण्यात अर्थ नसतो, दुसऱ्या गटातले औषध द्यावे. रात्रपाळीला हा नियम हमखास विसरला जातो. नेहमीच्या मात्रेतली ही औषधे अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात. त्यांच्यासाठी दूध थांबवण्याची गरज नाही.

वॉर्डातल्या उलटीचे मूळ बहुतेकदा वेदनाशामकांत असते. कमरेतल्या इंजेक्शनात मॉर्फिन मिसळले तर जवळपास दिवसभर दुखणे कमी राहते, पण मळमळ आणि खाजही तितकाच वेळ रेंगाळू शकतात. मात्रा शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास ठेवली तर वेदना आटोक्यात राहते आणि त्रासही कमी होतो. आपल्याकडे मॉर्फिनपेक्षा ट्रॅमाडॉल जास्त वापरले जाते, आणि ते उलटी आणण्यात कमी नाही. सलाइनमधून ट्रॅमाडॉल चालू, बाईला उमासे, म्हणून वरून ऑन्डॅन्सेट्रॉन, असा प्रकार अनेक वॉर्डांत दिसतो. ऑन्डॅन्सेट्रॉनने ट्रॅमाडॉलचा वेदनाशामक परिणामही काहीसा उणावतो, त्यामुळे हे दुहेरी नुकसान आहे. शिवाय स्तनपान देणाऱ्या आईला ट्रॅमाडॉल टाळावे, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ साली दिला आहे. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकसारखे औषध, मूत्रपिंड वा रक्तस्रावाची अडचण नसेल तर, दुखण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी दिले की अफूवर्गातल्या औषधांची गरज बरीच घटते. पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारे इंजेक्शनही, विशेषतः कमरेतून मॉर्फिन दिलेले नसेल तेव्हा, हेच काम करते.

खाण्यापिण्याबाबत घराघरांत आणि दवाखान्यांतही जुना दंडक आहे : गॅस सरकल्याशिवाय तोंडात पाणीही नाही. गुंतागुंत नसलेल्या सिझेरियननंतर त्याला आता आधार उरलेला नाही. ‘ईरास’ मार्गदर्शनात तर दोन तासांत नेहमीचे खाणे सुरू करण्याची सूचना आहे. इतके झेपत नसेल तर पाण्याचे घोट, मग नारळपाणी किंवा पेज, मग मऊ भात-वरण असा क्रम चालतो. लवकर खाल्ल्याने उलट्या वाढत नाहीत आणि आतडी मात्र लवकर जागी होतात. च्युइंगगम चघळण्यानेही आतड्यांना चालना मिळते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे, जरी नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेला च्युइंगगम चघळताना पाहून सासूबाईंना काय वाटेल हा प्रश्न वेगळा. पहिल्याच दिवशी तुपात थबथबलेला शिरा किंवा डिंकाचा लाडू मात्र नको. स्निग्ध पदार्थांनी जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. लाडू चार दिवस थांबू शकतो.

औषधांखेरीजच्या उपायांत मनगटावरच्या दाबबिंदूचा अभ्यास बराच झाला आहे. तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन ठळक स्नायुबंधांच्या मधोमध हा बिंदू असतो. तिथे अंगठ्याने दाबणे किंवा मणी असलेला पट्टा बांधणे याने मळमळ काहीशी कमी होते. उलटी थांबण्याबाबत पुरावा डळमळीत आहे. धोका काहीच नसल्याने करून पाहायला हरकत नाही. आल्याचा उपयोग गरोदरपणातल्या मळमळीत दिसतो, सिझेरियनमध्ये तितका स्पष्ट नाही. ऑपरेशनच्या वेळी नाकाशी ऑक्सिजन लावल्याने उलटी टळते हा समज टिकलेला नाही.

पहिल्यांदा उठताना येणारी मळमळ पुन्हा रक्तदाबाशीच जोडलेली असते. रक्त गेलेले, पोट रिकामे, पाय अजून पुरते जागे नाहीत. आधी पाठ उंच करून बसवणे, मग पाय खाली सोडून काही मिनिटे थांबणे आणि मग कुणाच्या तरी आधाराने उभे राहणे, एवढ्याने ती बहुधा टळते. बाईच्या अंगात रक्त आधीच कमी असेल, तर अधिक सावकाश.

काही उलट्या मात्र औषध देऊन गप्प करण्याच्या नसतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही तासांत मळमळीबरोबर नाडी जलद, अंग गार आणि चेहरा पांढरा पडत असेल, तर आत किंवा खाली रक्तस्राव होत नाही ना, हे आधी पाहावे लागते. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे आणि उलटी हे एकत्र आले तर रक्तदाब मोजणे तातडीचे, कारण झटके येण्याचा धोका बाळंतपणानंतरही काही आठवडे राहतो. बसले की वाढणारी आणि आडवे झाले की उतरणारी डोकेदुखी मळमळीसह आली, तर कमरेतल्या सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत असण्याची शक्यता असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर पोट नगाऱ्यासारखे फुगले, वारा सरत नाही आणि हिरवट उलटी झाली, तर आतडी थंडावलेली किंवा अडलेली असू शकतात. अशा वेळी तोंडाने काहीही न देता सर्जनला बोलावतात. आणि घरी गेल्यावर ताप, घाण वासाचा स्राव किंवा टाक्यांतून पू यांच्यासोबत उलट्या सुरू झाल्या, तर तो संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.